कलमांचे भाषांतर पुरे, आता मराठीत भाष्य हवे

कायद्याच्या पुस्तकांना सध्या चांगली मागणी आहे आणि तिचे कारण उघड आहे. 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. 1860ची दंड संहिता, 1872चा पुरावा कायदा आणि 1973ची फौजदारी प्रक्रिया संहिता ज्यांना तोंडपाठ होती, त्या सगळ्यांना पुन्हा पुस्तक उघडावे लागले. न्यायाधीश, सरकारी वकील, फौजदार, ठाणे अंमलदार, विधी शाखेचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षा देणारी मुले, कोणीच सुटले नाही. इंग्रजीत जुन्या नामांकित टीकाग्रंथांच्या नव्या आवृत्त्या आल्या. मराठीत प्रामुख्याने कलमांची भाषांतरे, जुने कलम आणि नवे कलम शेजारी मांडणारे तक्ते, द्विभाषिक बेअर ॲक्ट (भाष्याविना नुसत्या कलमांची पुस्तके) आणि परीक्षेची गाईडे आली. ही पुस्तके उपयोगाची आहेत, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण वकील ज्याला कमेंटरी म्हणतात ती मराठीत शोधावी लागते. कलमाचा अर्थ लावायचा, निवाड्यांची छाननी करायची, दोन निवाडे एकमेकांशी जुळत नसतील तर कोणता धरावा हे सांगायचे आणि शेवटी स्वतःचे मत द्यायचे, असे भाष्य. ते मराठीत तयार व्हायला हवे, त्यासाठी सरकारने आणि विधी विद्यापीठांनी पैसा व माणसे द्यायला हवीत, आणि त्याची वेळ आत्ताचीच आहे, असे माझे म्हणणे आहे.

कलम वाचले की कायदा कळला, असा एक समज पसरलेला आहे. नव्या कायद्यांनी तो जितका खोटा पाडला तितका क्वचितच कशाने पाडला असेल. न्याय संहितेचे कलम 106 घ्या. त्याच्या पोटकलम 2 मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्या आणि खबर न देणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी याच तरतुदीविरुद्ध चक्का जाम केला आणि फेब्रुवारीत निघालेल्या अधिसूचनेने हे एक पोटकलम वगळून बाकीची संहिता लागू केली. म्हणजे पुस्तकात छापलेले हे पोटकलम संहितेबरोबर अमलात आलेच नाही. ज्या पुस्तकात कलम आहे आणि ही टीप नाही, ते पुस्तक वाचकाची दिशाभूल करते. भाषांतर अगदी निर्दोष असले तरी करते.

दुसरे उदाहरण अधिक खोलात जाणारे आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिताकुमारी प्रकरणात सांगितले. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) ने एक वेगळी वाट काढली आहे. तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मग ललिताकुमारीचे काय उरले? ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्या बाईला 'चौकशी चालू आहे' असे सांगितले, तर ते कायदेशीर की टाळाटाळ? मार्च 2025 मध्ये इम्रान प्रतापगढी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या पोटकलमाचा ऊहापोह केला. भाषण किंवा लेखनावरून तक्रार असेल आणि गुन्हा या शिक्षेच्या पट्ट्यात बसत असेल, तर आधी प्राथमिक चौकशी करणेच योग्य, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे एकच तरतूद एका तक्रारदाराला अडसर वाटू शकते आणि दुसऱ्या नागरिकाचे ती संरक्षण करू शकते. हे कलमाच्या चार ओळींत कुठेही लिहिलेले नाही. ते कोणीतरी विचारपूर्वक मांडावे लागते, आणि ज्या भाषेत तक्रार लिहिली जाते त्या भाषेत मांडलेले असेल तर ते तक्रारदारालाही वाचता येते.

आता जालन्याकडे येतो, कारण माझा मुद्दा तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

2014च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात निवडणूक याचिका केली. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत 27 सप्टेंबर 2014 रोजी दुपारी तीन वाजता संपत होती आणि खोतकरांचा अर्ज त्यानंतर आला, असे त्यांचे म्हणणे. पुरावा काय, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनातल्या आणि दालनाबाहेरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण. पण त्या सीडींसोबत पुरावा कायद्याच्या कलम 65ब चे प्रमाणपत्र नव्हते. याचिकाकर्त्याने ते पुन्हा पुन्हा मागितले, अधिकाऱ्यांनी दिले नाही. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. प्रकरण दिल्लीला गेले आणि जुलै 2020 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने देशभराला लागू होणारा नियम घालून दिला. मूळ यंत्रच कोर्टात हजर केले तर गोष्ट वेगळी, एरवी इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सारे केले आणि तरीही ज्याच्या हातात ते आहे त्याने दिलेच नाही, त्याचा पुरावा तेवढ्यावरून फेटाळता येणार नाही. उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

देशातला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा आजचा पायाभूत निवाडा मराठवाड्यातल्या एका चुरशीच्या लढतीतून निघाला आहे. त्यातल्या घटना इथल्या, अधिकारी इथले, माणसे इथली. त्यावर इंग्रजीत पानेच्या पाने लिहिली गेली. मराठीत या निवाड्यावर साक्षीपुराव्याच्या अंगाने सविस्तर, कोर्टात पुढे करता येईल असे लेखन कोणी करायचे, तर ते आपणच करायला हवे होते.

आणि प्रश्न 2020 मध्ये संपलेला नाही. 65ब च्या जागी साक्ष अधिनियमाचे कलम 63 आले. आता प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत, पहिला पुरावा देणाऱ्या पक्षाने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात नोंदीचे हॅश मूल्य लिहायचे, म्हणजे फाइलमधला एक बिंदूही बदलला तर जो बदलेल असा आकडा. आता एखाद्या तालुक्याच्या कोर्टातली पोटगीची केस डोळ्यांपुढे आणा. नवऱ्याने धमकीचे संदेश व्हॉट्सॲपवर पाठवले आहेत. बायकोकडे मोबाइल आहे, संदेश आहेत. तिला तज्ज्ञ कुठून मिळणार? तज्ज्ञ म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अधिसूचित झालेलाच परीक्षक, की संगणकाचे शिक्षण घेतलेला कोणीही? तिने मोबाइलच कोर्टात हजर केला तर हा सगळा खटाटोप टळतो का, आणि टळत असेल तर तो मोबाइल खटला संपेपर्यंत मुद्देमालाच्या कपाटात पडून राहणार का? जालन्याच्या निवाड्यातली सवलत, म्हणजे प्रामाणिक प्रयत्न करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही तर मिळणारी, नव्या कलमातल्या तज्ज्ञाच्या भागालाही लागू होईल का? माझे मत असे की व्हायला हवी, कारण अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही या तत्त्वावरच ती सवलत उभी आहे. पण हे माझे मत झाले. असे मत नावानिशी, कारणांनिशी आणि विरुद्ध बाजूची दखल घेऊन छापील पुस्तकात मांडले गेले, की ते तालुक्याच्या वकिलाला युक्तिवादात वापरता येते. न्यायाधीशाला ते पटले नाही तर का पटले नाही, हे लिहावे लागते. कायदा असाच पुढे सरकतो.

मराठीत असे लिहिता येणार नाही असे कोणी म्हणत असेल, तर त्याने महसुलाच्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कुळकायदा, तुकडेबंदी, वारस नोंदी, फेरफार, मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खालचे अडवलेल्या रस्त्याचे दावे, यांवर मराठीत भरपूर आणि अनेकदा फार चांगले लेखन झालेले आहे. निवृत्त अधिकाऱ्यांनी ते अनुभवातून लिहिले आहे. कलम 155 हे लेखनातली चूक दुरुस्त करण्यापुरते आहे, त्याच्या आडून मालकीहक्काचा निवाडा करता येत नाही, हे या पुस्तकांनी तलाठ्यापासून प्रांतापर्यंत आणि शेतकऱ्यापासून त्याच्या वकिलापर्यंत पोचवले. सहकारी संस्थांच्या कायद्याचेही तसेच. गृहनिर्माण संस्थेचा सचिव मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तरी ती संस्थेच्या नावे करून घेण्याची, कागदपत्रे मराठी पुस्तक वाचून जमवतो.

इथे मराठी सहज उभी राहिली आणि फौजदारी व दिवाणी कायद्यात राहिली नाही, याचे कारण भाषेच्या कुवतीत नाही. तहसीलदाराचा आदेश मराठीत निघतो, त्यावरचे अपील मराठीत लिहिले जाते, प्रांताधिकारी त्यावर मराठीत निर्णय देतो. लिहिणारा, वाचणारा आणि ठरवणारा तिघेही एकाच भाषेत काम करतात, म्हणून त्या भाषेत पुस्तक खपते. न्यायालयात ही साखळी मध्येच तुटते. राज्य सरकारने 1998 मध्ये अधिसूचना काढून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. फिर्याद, पंचनामा, जबाब, सरतपास, उलटतपास हे सारे मराठीत चालते. तरी युक्तिवादासाठी हातात घ्यायचा ग्रंथ इंग्रजी, नजीर, म्हणजे दाखल्यासाठी पुढे करायचा आधीचा निवाडा, इंग्रजी आणि बरेचदा निकालही इंग्रजी. राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 नुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, त्याचा हा उताराकडे येणारा परिणाम आहे.

हा परिणाम जुना आहे. नीलकंठाचा व्यवहारमयूख हा संस्कृत ग्रंथ गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात हिंदू कायद्याचा प्रमाणग्रंथ म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने मानला. मूळ स्मृती काय म्हणते यापेक्षा त्या प्रांताने स्वीकारलेला भाष्यकार काय म्हणतो ते महत्त्वाचे, ही भूमिका प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1868 मध्येच घेतली होती. भाष्याला कायद्याचे बळ असलेल्या त्या परंपरेचा अभ्यास रावसाहेब मंडलिकांनी 1880 मध्ये केला तो इंग्रजीत, आणि महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत लिहिला तोही इंग्रजीत. दोघेही मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले. त्यांना दोष देता येत नाही, त्यांचा वाचक आणि त्यांचे न्यायालय इंग्रजी वाचत होते. 1899 मध्ये मुंबईत सुरू झालेला बॉम्बे लॉ रिपोर्टर आणि 1914 पासूनचा, पुढे नागपूरचे नाव देशभर नेणारा ऑल इंडिया रिपोर्टर या निवाडे छापणाऱ्या नियतकालिकांचीही भाषा इंग्रजीच. कायद्याच्या ग्रंथनिर्मितीत या प्रांताने देशाला शिकवावे इतके काम केले आहे. त्यातले मराठीच्या वाट्याला फार थोडे आले.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. मराठी पुस्तकांवर वाढलेला वकील उच्च न्यायालयात काय करील? तुम्ही ग्रामीण मुलांना मराठीत अडकवून ठेवत नाही का? हा आक्षेप मला अनेकदा अस्वस्थ करतो, कारण तो घेणाऱ्यांत स्वतः खेड्यातून आलेले, कष्टाने इंग्रजी कमावलेले वकील असतात. पण वस्तुस्थिती पाहा. राज्यातल्या विद्यापीठांत विधी शाखेचे किती तरी विद्यार्थी आजही मराठीतून उत्तरपत्रिका लिहितात. त्यांना भाष्य मिळत नाही म्हणून ते गाईड पाठ करतात. इंग्रजी ग्रंथ त्यांच्या कपाटात असतो, पण मुद्दा समजून घ्यायला ते त्याच्याकडे जात नाहीत, नजीर उचलायला जातात. ज्याला कलमामागचा विचार स्वतःच्या भाषेत एकदा नीट समजला आहे, तो इंग्रजी निवाडा अधिक वेगाने वाचतो. मराठी भाष्य इंग्रजीला पर्याय म्हणून कोणी मागत नाही. बहुसंख्य खटले ज्या कोर्टात सुरू होतात आणि तिथेच संपतात, त्या कोर्टासाठी ते हवे आहे.

दुसरा आक्षेप यंत्राचा. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सुवास हे भाषांतराचे साधन आणले, निवाडे प्रादेशिक भाषांत मिळू लागले, मग पुस्तके कशाला? हे निवाडे मिळतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण भाषांतरित निवाड्यासोबत सूचना असते, की हे भाषांतर पक्षकाराला त्याच्या भाषेत समजावे एवढ्यापुरते आहे, अन्य कारणासाठी ते वापरता येणार नाही. म्हणजे ते कोर्टात दाखवायचे नाही. शिवाय निवाडा मराठीत आला तरी तो नव्वद पानांचाच असतो. त्यातले कोणते वाक्य बंधनकारक, कोणते ओघात आलेले, आधीच्या कोणत्या निवाड्याला त्याने बाजूला सारले, हे सांगणारा माणूसच लागतो.

अभ्यासग्रंथांचा तर आपण विचारच करत नाही. वकिलाला लागणारे भाष्य एक, आणि कायद्यावर टीका करणारे विद्यापीठीय लेखन दुसरे. त्याची ताकद काय असते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने ओरडा केला नाही, म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हे त्यांनी निकालातल्या तर्काची चिरफाड करून दाखवले. देशभर आंदोलन झाले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद आली, आणि पीडितेने संमती नव्हती असे सांगितले तर ती नव्हती असे गृहीत धरणारे 114अ कलम पुरावा कायद्यात आले. आज ते साक्ष अधिनियमाच्या कलम 120 मध्ये आहे. चारांपैकी दोन नावे मराठी, घटना महाराष्ट्रातली, पत्र इंग्रजीत. तसे पत्र आज मराठीत लिहायचे ठरवले, तर आधार म्हणून उलगडायला मराठीत कोणता ग्रंथ आहे? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 ने पोलीस कोठडीचे पंधरा दिवस पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागण्याची मुभा दिली आहे. त्याचा जामिनावर आणि कोठडीतल्या माणसाच्या अंगावर काय परिणाम होतो, याची मराठीतली चर्चा वृत्तपत्रांच्या दोन-चार लेखांपलीकडे गेलेली मी पाहिलेली नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट पैशाची आहे आणि ती संकोच न करता बोलायला हवी. बाजारावर सोडले तर गाईडच छापले जाणार, कारण ते दर परीक्षेला खपते. भाष्याला दोन-तीन वर्षे लागतात आणि ते लिहिणाऱ्या वकिलाची तेवढी कमाई बुडते. राज्य सरकारने भाषा संचालनालयाकडून न्यायव्यवहार कोश करून घेतला, केंद्रीय अधिनियमांचे अनुवाद करून घेतले, ते काम मोलाचे आहे. 1973च्या कायद्याने अशा अनुवादांना प्राधिकृत पाठाचा दर्जाही मिळतो. पुढची पायरी भाष्याची आहे आणि ती खात्यातल्या अनुवादकांकडून होणारी नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राज्याची तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. तिथल्या अध्यापकाने मराठीत भाष्य लिहिले तर त्याच्या पदोन्नतीत ते इंग्रजी शोधनिबंधाइतकेच मोजले जाईल, एवढा एक ठराव केला तरी चित्र बदलू लागेल. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहते आहे. अभिजाततेचा निधी जुन्या पोथ्यांइतकाच आजच्या कोर्टात उभ्या असलेल्या माणसासाठी खर्च व्हावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

कच्चा माल तर फुकट आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या 2007च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की निवाड्यांच्या मूळ मजकुरावर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. प्रकाशकाचा हक्क आहे तो त्याच्या संपादकांनी स्वतः कौशल्याने घातलेल्या टिपणांवर. 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. पूर्वी जिल्ह्याच्या वकिलाकडे रिपोर्टरचे खंड नसत म्हणून तो लिहू शकत नसे. आज ती अडचण राहिलेली नाही.

सुरुवात साक्ष अधिनियमापासून करावी. 170 कलमे आहेत, म्हणजे तिघांत सर्वांत लहान हाच, आणि दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक अशा सगळ्या कोर्टांत लागतो. एक निवृत्त सत्र न्यायाधीश, एक रोज उलटतपास घेणारा वकील आणि एक अध्यापक, असे तीन संपादक. लेखकांना पानांच्या हिशेबाने मानधन देऊ नये, दोन वर्षांच्या पूर्ण वेतनाइतके द्यावे, आणि पुस्तक निघाल्यावर दर सहा महिन्यांनी नव्या निवाड्यांची पुरवणी निघेल याची तरतूद पहिल्याच करारात असावी. प्रत्येक तालुक्याच्या वकील संघाच्या ग्रंथालयात, प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रत्येक कार्यालयात सरकारने एक प्रत विकत घेऊन द्यावी. इतक्या प्रतींची खरेदी आधीच ठरलेली असेल, तर उरलेला खर्च अंगावर घ्यायला प्रकाशक तयार होतील.